हयसरच आसा

कार्मेलीन टीचरना बसलेलं मी आयुष्यात एकदाच पाहिलं. तेही कुठे, तर धो धो पावसात, चिवल्याच्या रस्त्याच्या कठड्यावर. ते सांगणारच आहे. पण आधी त्या उभ्या कशा असायच्या ते सांगायला हवं, नाहीतर त्या बसण्याची काही किंमतच राहणार नाही.

उभ्या म्हणजे तरी काय, एका जागी कधीच नाही. मालवणात आमच्या आवाराला लागूनच त्यांचं कौलारू घर, मध्ये फक्त जास्वंदीची वई, म्हणजे कुंपण. सकाळी मी दात घासत बाहेर आलो की टीचर विहिरीवर. चूळ भरली की फाटकाशी. तोंड पुसेपर्यंत माडांखाली, आणि तिथून परत फाटकाशी. बघूनच मला दम लागायचा. चहा उभ्याने, पेज उभ्याने, पेपर तर फिरत फिरत. घरात खुर्च्या होत्या, पण त्या पाहुण्यांसाठी. पाहुणा बसला की टीचर त्याच्याभोवती फेऱ्या मारत बोलणार आणि बिचाऱ्याची मान दुखायला लागणार. "टीचर, वायच बसा मा," असं कुणी म्हटलं की उत्तर ठरलेलं, "बसान काय मेळतला?"

रविवारी चर्चमध्येही शेवटच्या बाकामागे उभ्या. एकदा फादर थट्टेने म्हणाले, "कार्मेलीनबाय, देवासमोर तरी जरा टेका." तर ह्या क्रुसाकडे बोट दाखवत म्हणतात, "फादर, देव तरी खंय बसलो आसा? तो पण खुर्सार उभोच मा!" फादर हसले आणि पुन्हा त्या वाटेला गेले नाहीत.

आम्हाला शाळेत त्यांचा भूगोल होता. बोलणं एकदम शुद्ध, पुस्तकी. "मुलांनो, खारे वारे आणि मतलई वारे यांतला फरक सांगा," वगैरे. पण अंतराची गोष्ट निघाली की बाईंची गाडी मालवणीवर घसरायची. नकाशा टांगलेला असायचा. कुणी विचारलं, "टीचर, रशिया किती लांब?" की त्यांचं एक बोट मालवणावर, दुसरं थेट रशियावर. "लांब खंय? ह्या मालवण, ह्यो रशिया. हयसर!" आता हयसर म्हणजे इथे, आणि हयसर म्हणजे जवळच. नकाशावर बोट ठेवून कुणी 'हयसर' म्हटलं तर त्याला खोटं तरी कसं म्हणणार? एकदा तपासणीला साहेब आले. त्यांनी वर्गाला विचारलं, मुंबई मालवणपासून किती अंतरावर आहे? सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "हयसर!" साहेबांनी टीचरकडे पाहिलं. टीचर खिडकीकडून फळ्याकडे चालता चालता म्हणाल्या, "बरोबर आहे साहेब. रात्री गाडीत झोपलं की सकाळी मुंबई."

तसा हा शब्द आमच्या सगळ्या मुलखाचाच. तुम्ही आमच्याकडे कुणालाही रस्ता विचारा, "ह्या काय, हयसर!" असं म्हणून तो हात लांब करील, आणि तुम्ही तासभर चालत राहाल. पण आम्ही म्हणतो ते आळसाने. टीचरचं तसं नव्हतं. मोठेपणी एकदा वईपाशी मी त्यांना ह्या शब्दावरून छेडलं, तर त्या कधी नव्हे त्या माडाला हात लावून थांबल्या. त्यांचा नवरा अंतोन बोटीवर होता, तरणाताठा असताना तिकडेच कुठल्याशा बंदरात गेला. त्या आधीची गोष्ट.

"तो पयल्यांदा बोटीर गेलो तेव्हा सासूबायन रडान रडान इचारल्यान, खंय गेलो गो माझो झिल? मी नकाशो हाडलंय, बोट ठेवलंय, म्हटलंय हयसर आसा. म्हातारी त्या दिवशी जेवली." मग माडाचा हात सोडून चालायला लागल्या. "लांब म्हटला की माणूस घाबरता रे सुरेशा. हयसर म्हटला की जेवता."

माझं तारकर्लीला लहानसं लॉज आहे. एकदा पुण्याचं एक जोडपं मालवणच्या स्टँडवर उतरलं आणि नेमकं टीचरना विचारलं, तारकर्ली कुठे? झालं! "हयसरच आसा, चला, दाखवतंय." आणि ह्या बाई त्यांची जड बॅग स्वतःच्या खांद्यावर घेऊन चालत निघाल्या. रिक्षा समोर उभी, पण टीचरसमोर बोलायची कुणाची टाप! ती दोघं लॉजवर पोचली ती थेट ओट्यावर आडवी झाली. टीचर मात्र पाणी पिऊन लगेच परत फिरल्या, चालतच. त्या जोडप्याने नंतर मोबाइलवर अभिप्राय टाकला, "मालक चांगले, मासे उत्तम, फक्त 'हयसर' या शब्दावर विश्वास ठेवू नका." मी तो टीचरना वाचून दाखवला. "पावले मा?" म्हणजे पोचले ना, एवढंच म्हणाल्या.

मुलगा नेल्सन वसईला. कंपनीत चांगल्या हुद्द्यावर. बायको कुवेतला नर्स, मूलबाळ नाही, म्हणजे हा फ्लॅटमध्ये एकटाच. जेवण बाहेरचं, चालणं लिफ्टपासून गाडीपर्यंत. दर सुट्टीत आला की पोट आधीपेक्षा पुढे. पण काळजी करायचा तो आईची.

त्याला निमित्तही मिळालं. मागच्या पावसाळ्यात टीचर विहिरीपाशी शेवाळावरून सटकल्या आणि मनगट मोडलं. मी घरी नव्हतो. येईपर्यंत त्या तिथेच पडून पावसाला शिव्या देत होत्या. हात प्लास्टरमध्ये आणि ह्या गळ्यात झोळी अडकवून फाटक ते विहीर, विहीर ते फाटक! नेल्सन धावत आला आणि तेव्हापासून त्याने एकच धोशा लावला, मम्मी, वसईला चल, घर बंद कर. फोनवर तेच, नाताळात तेच. टीचर म्हणायच्या, "त्या खोक्यात मी फिरू खंय? ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत?" खरंच होतं ते. आठ दिवस गेल्या होत्या एकदा, तर खालच्या मजल्यावरच्यांनी वर येऊन विचारलं होतं की रोज कुणी सामान हलवतं का.

त्यातच आमच्या लॉजवाल्या पोरांनी टूम काढली. पावसाळ्यात पर्यटक फिरकत नाहीत, तर भर पावसात अर्धी मॅरेथॉन घेऊ. बंदरावरून निघायचं, तारकर्लीवरून देवबागच्या वाटेला लागायचं, खुणेपासून वळायचं आणि परत बंदर. एकवीस किलोमीटर. नेल्सन तेव्हा आलेला होता, माझ्या ओट्यावर बसून आईशी तोच वाद घालत होता. टीचर मला म्हणाल्या, "सुरेशा, माझा नाव घाल." मी हसलो. नेल्सन मात्र भडकला.

"ठीक आहे मम्मी. धावून दाखव. पण पूर्ण एकवीस हां! तुझं हयसर चालणार नाही, मोजलेलं अंतर. दाखवलंस तर वसईचं नाव परत काढणार नाही. नाही जमलं तर मुकाट सामान बांधायचं."

"मगे ठरला," टीचर म्हणाल्या आणि तिथूनच फेऱ्या मोठ्या करायला सुरुवात केली.

पहिल्या दिवशी काय गोंधळ झाला म्हणून सांगू! आमच्याकडे साठीची बाई सकाळी सकाळी रस्त्यावरून धावते याचा अर्थ एकच, कुणाचं तरी काही बरंवाईट झालं. टीचर पंजाबी ड्रेस आणि नेल्सनचे शाळेतले कॅनव्हासचे बूट घालून धावत बाजारातून गेल्या, आणि सुकी मासळी विकणाऱ्या बायका टोपल्या टाकून त्यांच्या मागून धावायला लागल्या. "गो बाय, कोण गेला? कोण बुडाला?" चहावाल्याने स्टोव्ह बंद केला. मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, त्यामुळे रिकामे बसलेले सगळे पुरुष दोर घेऊन किनाऱ्याकडे निघाले. टीचर मागे वळून ओरडतायत, "कोण नाय गेला! मी धावतंय!" "होय गो, पण कित्याक?"  मेलं कुणीच नाही हे कळल्यावर बायकांनी त्यांना जे फैलावर घेतलं! पण महिन्याभरात गावाला सवय झाली. कुणी विचारायचं, "टीचर, खंय चल्लात?" त्या न थांबता, "हयसर!" म्हणायच्या. वळायच्या ते थेट तारकर्लीहून.

आणि उजाडला तो दिवस. पाऊस कसला, आभाळच फाटलं होतं. हाक मारायला तोंड उघडलं तर आधी पाणी आत जायचं. आणि माझं काम काय, तर तारकर्लीच्या नाक्यावर धावणाऱ्यांना पाणी वाटायचं. त्या पावसात पाणी! जो तो माझ्याकडे बघून हसून पुढे जात होता. बाकी गावकरी छत्र्या घेऊन धीर देत उभे, "चला चला, आता काय, हयसरच!" एक बाहेरगावचा धावणारा शेवटी हात जोडून म्हणाला, "काका, मगापासून सगळे तेच सांगतायत!"

टीचर मागून दुसऱ्या. केस चपटे झालेले, तोंड लाल, पण पाय लयीत. माझ्यासमोरून देवबागकडे गेल्या. तेवढ्यात फोन आला की पुढे रस्त्यावर पाणी भरलंय, खाडी आणि समुद्र एकमेकांना भेटायच्या बेतात, सगळ्यांना अलीकडूनच वळवा. बरोबरच होतं ते, तिथे जिवाशी खेळ नाही करायचा. पण त्यामुळे जाऊन-येऊन तीन किलोमीटर कमी झाले.

थोड्या वेळाने टीचर परत आल्या त्या माझ्या टेबलाशी जागच्या जागी उड्या मारत थांबल्या.

"सुरेशा, तीन कमी पडतत."

"टीचर, तीन काय हो! हयसरच!" मी म्हटलं.

हिमालय चुकीच्या देशात दाखवावा तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "गप रव. आज हयसर नाय." आणि गेल्या. मी पाण्याचे पेले तिथेच टाकले आणि स्कूटर काढून मागे निघालो.

बंदरावर शेवटच्या रेषेशी ढोल वाजत होता, पोरं केळी आणि पदकं घेऊन उभी. नेल्सन छत्री आणि टॉवेल घेऊन आलेला. खिशात परतीची दोन तिकिटं होती, त्यानेच मला दाखवली होती. टीचर आल्या. टाळ्या झाल्या. टीचरनी केळं घेतलं नाही, पदक घेतलं नाही, फितीखालून वाकून सरळ पुढे धावत गेल्या. माइकवरचा पोरगा ओरडतोय, "टीचर, स्पर्धा संपली! ओ टीचर!" नेल्सन ओरडला, "मम्मी, खंय चललंस?"

"तीन रवले!"

आणि बंदरापलीकडच्या चिवल्याच्या रस्त्याला लागल्या. नेल्सन छत्री घेऊन मागे धावला, ऑफिसच्या बुटांत. मी स्कूटरवर त्यांच्या मागे. पहिल्याच वाऱ्याला छत्री उलटी झाली, त्याने ती फेकून दिली. आता मायलेक शेजारी शेजारी, आणि मला सगळं ऐकू येत होतं, कारण दोघंही ओरडूनच बोलत होती.

"मम्मी, पुरे गो! मान्य! तू जिंकलंस!"

"जिंकलंय कशी? एकवीस म्हणालंस मा?"

"अठरा पण पुरे!"

"हयसर चालूचा नाय, तूच म्हणालंस!"

मग नेल्सनचं बोलणं थांबलं. नुसता श्वास. दीड किलोमीटरवर, चिवल्याच्या टोकाला जाऊन टीचर वळल्या, तोही वळला. मला वाटलं होतं हा मध्येच सोडील, पण आईचाच मुलगा तो. परतीला अर्ध्यावर आलो आणि बंदरावरचा झेंडा दिसायला लागला. ढोलही ऐकू येत होता. झालंच होतं म्हणा ना.  घर वाचलं, असं मी मनात म्हटलंसुद्धा.

आणि नेल्सन थांबला. गुडघ्यांवर हात टेकून वाकला. तोंडावरचा रंग पार उतरलेला, ओठ काळेनिळे. आणि लहानपणी विचारायचा तसं त्याने विचारलं, "मम्मी... किती रवला गो?"

टीचर काही पावलं पुढे गेल्या होत्या. त्या वळल्या. त्यांनी झेंड्याकडे पाहिलं. मुलाकडे पाहिलं. मी स्कूटर आडवी घालून ओरडलो, "टीचर, तुमी जावा! मी आसंय हय! ह्याका मी बगतंय!" खरंच होतं ते. मी होतो, स्कूटर होती, बंदरावर डॉक्टर होता. त्यांनी फक्त पुढे जायचं होतं.

त्या मागे आल्या. नेल्सनच्या दंडाला धरून त्याला कठड्यावर बसवलं आणि त्याच्या शेजारी स्वतः बसल्या. मांडीवर हात ठेवून, पाय जमिनीला टेकून, अगदी शाळेतल्या पोरीसारख्या सरळ. पावसाचं पाणी दोघांच्या अंगावरून एकत्रच खाली येत होतं.

"हयसर रे पुता," त्या म्हणाल्या. "बस वायच."

नेल्सनला मी स्कूटरवर घालून डॉक्टरकडे नेलं. निघालं काय, तर ब्लडप्रेशर कधीपासूनचं, गोळ्या चालू, पण त्या घ्यायचा आठवण झाली तर. आईला एका शब्दाने कळवलं नव्हतं. आई एकटी, आई पडेल, आईचं कोण बघील, म्हणून जीव काढायचा, आणि हा तिकडे स्वतः एकटा! मला इतका राग आला की मी डॉक्टरसमोरच त्याला झापलं.

संध्याकाळी तो खुर्चीत पेज पीत बसला होता आणि टीचर नेहमीप्रमाणे त्याच्याभोवती फिरत होत्या. तो म्हणाला, "मम्मी, मी हरलो. वसईचा विषय संपला."

"एकवीस झाले नाय," टीचर म्हणाल्या.

मी उडालोच. "अहो टीचर, काय बोलताय! झेंडा दिसत होता!"

"दिसाक काय, रशिया पण दिसता नकाशार. झाले नाय ते नाय. मी सामान बांधतंय."

मी बाहेर वईपाशी त्यांना गाठलं आणि भांडलोच. असली कसली जिद्द, हरायचीच हौस आहे का, इतकं सगळं धावलात ते कशासाठी? त्यांनी ऐकून घेतलं. जास्वंदीची पानं खुडत इकडून तिकडे चालू होतंच.

"तेचो श्वास आयकलंस मा तू? बाजूक धाव होतो तेव्हा माका पावसाचो आवाज येय नाय होतो, तेचोच येय होतो. हेका थंय कोण धावाक लावतलो? लिफ्टात बसता, गाडीत बसता, खुर्चेर बसता. नुसतो बसता." पानं खाली टाकली. "आणि एकवीस पुरे झाले असते तर माका हयच रवचा लागला असता मा."

मला रडू आलं होतं, आणि त्यांच्यासमोर रडलो असतो तर 'नाक पूस' म्हणाल्या असत्या.

कुडाळ स्टेशनवर मीच सोडायला गेलो. चावी माझ्याकडे दिली. वई छाट, विहिरीपाशी शेवाळ धरू देऊ नको, माडांकडे बघ, असं सांगत फलाटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. नेल्सन बाकावर टेकला तर, "ऊठ! गाडी येयपर्यंत चल!" तो बिचारा तोंड पाडून मागून चालायला लागला. पुढे आई, मागे हा बाप्या, लोक बघत होते.

गाडी आली. सामान आत गेलं. टीचर दारात उभ्या राहिल्या, बसायचा प्रश्नच नव्हता. माझ्या तोंडून निघून गेलं, "टीचर, वसई लांब हो."

"लांब खंय?" त्यांनी डावा तळवा पुढे केला आणि त्यावर उजव्या हाताची दोन बोटं ठेवली. "ह्या मालवण. ही वसई." पुढचा शब्द मीही ओठांतल्या ओठांत म्हटला.

गाडी हलली. "येतंय रे!" म्हणून त्या दारातून आत वळल्या. मला वाटलं, झालं, गेल्या. पण गाडीने वेग घेतला नव्हता, आणि मला दाराजवळच्या खिडकीत त्या दिसल्या. मग तिच्या मागच्या. गाडी त्यांना पुढे नेत होती आणि त्या डब्यातून मागे चालत होत्या, माणसांचे पाय ओलांडत, ट्रंकांना अडखळत, खिडकीमागून खिडकी. त्यामुळे थोडा वेळ त्या गेल्याच नाहीत. मी उभा होतो तिथेच, माझ्या समोरच होत्या, हयसर.